डोक्याच्या फोटोत काय दिसते?

अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे जुन्या अहमदनगर जिल्ह्यातील, एखाद्या खेड्यात वरचेवर घडणारी गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा कॉलेजात जात असतो. हळूहळू तो मित्रांत मिसळेनासा होतो, रात्र-रात्र जागतो, अंघोळीची टाळाटाळ करतो. मग एके दिवशी तो सांगू लागतो की शेजारची माणसे भिंतीपलीकडून आपल्याविषयी बोलतात, आपल्या मनातले विचार त्यांना ऐकू जातात, आणि आपल्यावर कोणी तरी पाळत ठेविली आहे. घरची माणसे प्रथम देवऋषी गाठतात. अंगारा होतो, उतारा होतो, करणी कोणी केली याचा शोध होतो, आणि त्या शोधात भावकीतील एखाद्या निरपराध विधवेचे नाव पुढे येते. असे वर्ष निघून गेल्यावर कोणी समंजस सोयरा म्हणतो की पोराला शहरातल्या डॉक्टरांना दाखवा. तेथे गोळ्या सुरू होतात आणि यंत्रात घालून डोक्याचा फोटोही काढला जातो. त्याचे पैसे उभे करण्यासाठी कधी दारची शेळी विकावी लागते. फोटोबरोबर जो कागद येतो, त्यावर लिहिलेले असते की मेंदूत दोष आढळला नाही.

घोटाळा येथूनच सुरू होतो. चुलता म्हणतो, "मशीनच सांगतेय डोक्यात काही नाही म्हणून. पोरगं सोंग करतंय." आई म्हणते, "डोक्यात नाही म्हणजे बाहेरचंच आहे. मी म्हणत नव्हते का?" दोघांची मते परस्परविरुद्ध असली तरी दोघांचा निकाल मात्र एकच लागतो, आणि तो म्हणजे गोळ्या बंद. दोन-चार महिन्यांनी मुलगा पहिल्यापेक्षाही वाईट स्थितीत रुग्णालयाच्या दारी परत येतो, किंवा येतही नाही आणि एखाद्या रस्त्याने चालू लागतो.

त्या मुलाच्या रोगाला मराठीत छिन्नमनस्कता आणि डॉक्टरांच्या भाषेत स्किझोफ्रेनिया असे म्हणतात. जगात सुमारे तीनशे माणसांमागे एकाला हा रोग असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची वस्ती पंचेचाळीस लाखांच्या वर भरली. त्या मानाने हिशेब केला तर जिल्ह्यात पंधरा हजारांच्या आसपास माणसे या रोगाची असावीत. हा केवळ त्रैराशिकाचा अंदाज आहे, घरोघर जाऊन केलेली मोजणी नव्हे. परंतु प्रश्न किती घरांचा आहे याची कल्पना येण्यास तो पुरेसा आहे. एवढ्या घरांत आज ना उद्या तोच कागद पोहोचणार, आणि 'दोष आढळला नाही' या तीन शब्दांचा अर्थ लावण्याची पाळी प्रत्येकावर येणार.

तो अर्थ समजण्यासाठी मेंदूच्या रचनेची थोडी माहिती हवी. प्रौढ माणसाचा मेंदू साधारणपणे तेराशे-चौदाशे ग्रॅम वजनाचा असतो. त्याच्या पृष्ठभागावर वळ्यावळ्यांची करडी साल असते. तीत मज्जापेशींची दाटी असते. सालीच्या आत पांढरे द्रव्य असून ते म्हणजे पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या तंतूंचे जुडगे होय. अगदी मध्यभागी काही पोकळ्या असतात व त्यांत स्वच्छ पाण्यासारखा द्रव भरलेला असतो. जुन्या वाड्याचे उदाहरण घेतले तर या पोकळ्या म्हणजे माजघरे आणि भोवतालचे मेंदूद्रव्य म्हणजे मातीच्या जाड भिंती. बाहेरचा कोट तोच राहून आतील भिंती पातळ झाल्या तर माजघरे तेवढी ऐसपैस होतील. मेंदूचेही तसेच आहे. कवटी वाढत नाही. तेव्हा आतील पोकळ्या मोठ्या दिसल्या तर भोवतालचे द्रव्य कोठे तरी कमी आहे असे समजावयाचे.

छिन्नमनस्कतेत मेंदू बिघडलेला असला पाहिजे, ही शंका काही आजची नाही. जर्मनीत एमिल क्रेपेलिन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या रोगाचे लक्षणवार वर्णन केले, तेव्हाच त्याची खात्री होती की याचे मूळ मेंदूत आहे. त्याच्याच हाताखाली आलोइस आल्झायमर काम करीत असे. या आल्झायमरने १९०६ साली म्हातारपणच्या एका स्मृतिनाशाची खूण सूक्ष्मदर्शकाखाली पकडली आणि त्या रोगाला त्याचे नाव मिळाले. तोच मनुष्य तीच साधने घेऊन छिन्नमनस्कतेची खूण शोधीत होता. ती मात्र तशी स्पष्ट हाती लागली नाही. स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलरने १९०८ साली या रोगाला आजचे नाव दिले. त्याचा अर्थ मनाच्या व्यापारांची एकमेकांशी फारकत होणे असा आहे. एका माणसात दोन माणसे वावरतात असा अर्थ सिनेमावाल्यांनी रूढ केला, तो चुकीचा आहे.

१९२७ साली जाकोबी आणि विंक्लर या दोघा जर्मन डॉक्टरांनी एक धाडसी उपाय केला. मेंदूभोवतालचा द्रव काढून त्या जागी हवा भरावयाची आणि मग क्ष-किरणांनी छायाचित्र घ्यावयाचे, अशी ती रीत होती. रुग्णाला त्यापासून असह्य डोकेदुखी होई. त्यांनी १९ रुग्ण तपासले व त्यांपैकी १८ जणांच्या मेंदूतील पोकळ्या मोठ्या असल्याचे नमूद केले. परंतु ताडून पाहण्यास निरोगी माणसे आणावयाची कोठून? धडधाकट मनुष्य डोक्यात हवा भरून घेण्यास कशाला तयार होईल? यास्तव त्या निष्कर्षाविषयी पुढे पन्नास वर्षे वाद होत राहिला.

तो वाद १९७६ साली लंडनमध्ये निकालात निघण्यास प्रारंभ झाला. सी. टी. स्कॅनचे यंत्र नुकतेच निघाले होते आणि त्यात हवा भरण्याची यातना नव्हती. ईव्ह जॉनस्टोन, टिमोथी क्रो आणि त्यांचे सहकारी यांनी दीर्घकाळ आजारी असलेले १७ रुग्ण व ८ निरोगी माणसे यांची चित्रे ताडून पाहिली. रुग्णांच्या पोकळ्या खरोखरच मोठ्या भरल्या. पुढे एम. आर. आय. आल्यावर पोकळ्यांबरोबर भिंतीही मोजता येऊ लागल्या. सांप्रत हे काम किती वाढले आहे याची कल्पना यावी म्हणून दोन आकडे पुरेत. २०१६ साली अनेक देशांतील संशोधकांनी एकत्र येऊन २,०२८ रुग्ण आणि २,५४० निरोगी माणसे यांच्या मेंदूच्या आतील भागांची मापे प्रसिद्ध केली. २०१८ साली त्याच गटाने ४,४७४ रुग्ण व ५,०९८ निरोगी माणसे यांच्या करड्या सालीची जाडी प्रसिद्ध केली. आठवणी साठविण्याच्या कामी येणारा हिपोकॅम्पस नावाचा भाग रुग्णांत लहान, द्रवाच्या पोकळ्या मोठ्या, आणि साल जवळजवळ सर्वत्र पातळ, त्यातही कपाळामागे व कानशिलांपाशी अधिक, असा निष्कर्ष निघाला.

येथे श्रोत्यांच्या मनात साहजिक प्रश्न येईल. हजारो मेंदूंत फरक दिसतो, तर त्या खेड्यातल्या मुलाच्या फोटोत तो का दिसू नये?

याचे उत्तर ज्वारीच्या वावरात सापडते. समजा, बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे अशी दोन वावरे आहेत. अलीकडच्या वावरातील कणसे सरासरीने पलीकडच्यापेक्षा थोडी लहान आहेत. दोन्हीकडची हजार-हजार कणसे मोजली तर हा फरक निश्चित सिद्ध होईल; त्यात शंकेस जागा राहणार नाही. परंतु कोणी एकच कणीस हाती देऊन हे कोणत्या वावरातले असे विचारले तर जन्मभर शेती केलेला कुणबीही सांगू शकणार नाही, कारण लहान-मोठी कणसे दोन्हीकडे आहेत. हिपोकॅम्पसची गोष्ट अशीच आहे. २०१६ च्या मापांवरून हिशेब केला तर असे निघते की एक रुग्ण व एक निरोगी अशा शंभर जोड्या चिठ्ठ्या टाकून निवडल्या, तर सुमारे ६३ जोड्यांत रुग्णाचा हिपोकॅम्पस लहान असेल आणि उरलेल्या ३७ जोड्यांत निरोगी माणसाचाच लहान निघेल. संपूर्ण मेंदूचा विचार केला तर औषधोपचार चालू असलेल्या रुग्णांत त्याचे आकारमान सरासरीने अडीच टक्क्यांच्या आसपास कमी भरते. तेराशे ग्रॅमच्या मेंदूत हा फरक तीस-पस्तीस ग्रॅमचा झाला. शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन निरोगी माणसांच्या मेंदूंत याहून कितीतरी मोठा फरक सहज असतो, आणि त्यावरून कोणी शहाणा किंवा वेडा ठरत नाही.

मनुष्याची तुलना त्याच्या स्वतःशीच करता आली तर मात्र चित्र पालटते. १९९० साली अमेरिकेत असा योग साधला गेला. एकाच गर्भपेशीपासून जन्मलेली हुबेहूब जुळी भावंडे घ्यावयाची, त्यांपैकी एक छिन्नमनस्क आणि दुसरे निरोगी असावयाचे. अशा १५ जोड्या मिळाल्या. कोण आजारी हे न सांगता दोघांचे फोटो समोर ठेवले, तेव्हा १२ जोड्यांत नुसत्या डोळ्यांनी पाहून आजारी भावंड ओळखता आले. त्याच्या मेंदूतील द्रवाच्या जागा मोठ्या होत्या. मोजमाप केल्यावर १४ जोड्यांत आजारी भावंडाचा डावा हिपोकॅम्पस लहान भरला. गंमत अशी की त्यांपैकी पुष्कळांचा फोटो एकटा दाखविला असता तर तो निर्दोष म्हणूनच गणला गेला असता. आपल्या मुलाच्या मेंदूतून काही उणे झालेले असू शकते, पण ते उणे ज्याच्याशी ताडून पाहावयाचे तो निरोगी जुळा भाऊ फोटो वाचणाऱ्या डॉक्टरपाशी नसतो. त्याने कागदावर लिहिलेले वाक्य खोटे नाही; ते एवढेच सांगते की या माणसाचे मेंदूमाप निरोगी माणसांच्या मर्यादेत बसते.

याच जुळ्यांवरून आणखी एक गोष्ट कळते. जुळ्यांपैकी एकाला हा रोग झाला तर निम्म्याहून अधिक जोड्यांत दुसरा त्यातून सुटतो. रोगाच्या मुळाशी आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे खरा, परंतु तो कपाळावरचा लेख नव्हे. १९४८ च्या सुमारास अमेरिकेतील काही मनोवैद्य आईच्या थंड व हेकट वागणुकीमुळे मुलाला हा रोग होतो असे म्हणू लागले आणि एक संपूर्ण पिढी मातांना दोष देण्यात गेली. त्या मताला पुरावा मिळाला नाही. आपल्याकडील देवऋषी भावकीतल्या विधवेला दोष देतो आणि तिकडील विद्वानांनी जन्मदात्या आईला दिला. यातले अधिक निर्दय कोण, हे ठरविणे कठीण आहे.

मग मेंदूत नेमके कमी काय झालेले असते? मृत्यूनंतर मेंदू तपासणाऱ्यांना या रोगात, म्हातारपणच्या स्मृतिनाशात दिसते तशी पेशींची कत्तल दिसत नाही. पेशी बहुतांशी जागेवर असतात. त्यांच्या फांद्या आणि फांद्यांवरील बारीक अंकुर, ज्यांच्या द्वारे एक पेशी दुसरीशी बोलते, ते कपाळामागील भागात विरळ झालेले आढळतात. बालपणी माणसाच्या मेंदूत असे सांधे गरजेपेक्षा जास्त असतात आणि वयात येताना त्यांतील बरेचसे आपोआप गळतात. राहाता-संगमनेरकडील डाळिंबाच्या बागाईतदारास हे समजावून सांगण्याचे कारण नाही. छाटणी झाली नाही तर बाग माजते. छाटणी जास्त झाली तर झाड उघडे पडते. छिन्नमनस्कतेत ही छाटणी प्रमाणाबाहेर होत असावी, असे अनुमान १९८० नंतरच्या काळात मांडले गेले, आणि २०१६ साली छाटणीशी संबंध असलेल्या सी-४ नावाच्या जनुकाचे काही प्रकार या रोगाचा धोका वाढवितात असे आढळल्यामुळे त्याला बळकटी आली. तरी हे अजून अनुमानच आहे. रोग बहुधा सोळा ते तीस या वयातच का उघडा पडतो, याचा उलगडा मात्र त्याने बरा होतो.

आता गोळ्यांविषयी. शिकलेली माणसे हल्ली कोठे तरी वाचून म्हणतात की मेंदू रोगाने लहान होत नाही, गोळ्यांनीच होतो. यात थोडे तथ्य आहे आणि ते लपविण्यात अर्थ नाही. २०११ साली नॅन्सी अँड्रियासन व त्यांचे सहकारी यांनी २११ रुग्णांचे फोटो वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा घेतले, तेव्हा ज्यांना औषध जास्त दिले गेले त्यांचे मेंदूद्रव्य थोडे अधिक घटलेले दिसले. माकडांना दीड-दोन वर्षे ही औषधे देऊन पाहिली, तेव्हा त्यांच्याही मेंदूचे वजन कमी भरले. म्हणून लागेल तेवढीच मात्रा द्यावी, याविषयी आज जाणत्या डॉक्टरांत दुमत नाही. परंतु सगळा फरक गोळ्यांनी होतो हे म्हणणे टिकत नाही. या रोगावरील पहिले खरे औषध, क्लोरप्रोमाझीन, पॅरिसमध्ये १९५२ साली वापरात आले. जाकोबी व विंक्लर यांच्या रुग्णांनी १९२७ साली ते घेतलेले असणे शक्यच नव्हते! शिवाय ज्यांना अद्याप एकही गोळी दिलेली नाही अशा नव्या रुग्णांतही फरक आढळतो, मात्र तो कमी प्रमाणात असतो. गोळ्यांचा जमाखर्च करावयाचा तर तो सगळाच करावा. फिनलंडमध्ये ६२ हजारांहून अधिक रुग्णांचा वीस वर्षांपर्यंत मागोवा घेतला गेला. औषध चालू असलेल्या काळात त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण औषध बंद असलेल्या काळापेक्षा कमी होते.

फोटोवरून रोग ठरत नसेल तर डॉक्टर तो काढतात कशाला, असे विचारणे रास्त आहे. तो दुसरी कारणे वगळण्यासाठी काढावयाचा असतो. मेंदूत गाठ असली, मार लागून रक्त साकळले, जंतूंमुळे सूज आली किंवा पट्टकृमीच्या अळ्या मेंदूत जाऊन बसल्या, तरी माणूस असंबद्ध बोलू लागतो आणि त्याचे उपाय निराळे असतात. फोटो निर्दोष येणे म्हणजे यांपैकी काही नाही, एवढी चांगली बातमी होय. हे वाक्य कागद हाती देतानाच कोणी समजावून सांगितले तर पुष्कळ घरांतील गोळ्या बंद होणार नाहीत. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ते राहून जाते.

रोग ठरतो तो माणसाशी बोलून, त्याला पाहून आणि काही काळ त्याच्याबरोबर राहणाऱ्यांना विचारून. या रीतीची एक जुनी हकीकत याच जिल्ह्यात घडली आहे. १९३६ साली मेहेरबाबांनी राहुरी येथे वेड्यांचा आश्रम काढला होता. इकडून-तिकडून आणलेल्या वेड्यांना ते स्वतःच्या हातांनी अंघोळ घालीत. त्यांचे इंग्रज शिष्य डॉ. विल्यम डंकिन यांनी पुढे या विषयावर ग्रंथ लिहिला, तो १९४८ साली नगरहूनच प्रसिद्ध झाला. ईश्वराच्या ओढीने देहभान हरपलेले 'मस्त' निराळे आणि सामान्य वेडे निराळे, असा भेद त्यात केला आहे. तो भेद मान्य करणे न करणे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोपवावे. येथे लक्षात घेण्याजोगे एवढेच की ही निवड माणसाचे वागणे जवळून आणि धीराने पाहून केली जात होती. आजचा मानसोपचारतज्ज्ञ वेगळ्या हेतूने आणि ठरलेल्या कसोट्या लावून तेच करतो. आवाज ऐकू येतात का, विचार कोणी काढून घेते असे वाटते का, हे किती महिने चालले आहे, कामधंदा सुटला का, दारू-गांजा आहे का, असे तो विचारतो. या प्रश्नांची जागा घेईल असे यंत्र अद्याप निघालेले नाही.

देवऋष्याच्या वाटेचे दोन धोके मात्र आता कायद्याने रोखले आहेत. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा झाला, आणि मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने जखडण्यास २०१७ च्या केंद्रीय मानसिक आरोग्य कायद्याने मनाई केली. उपचारासाठी पूर्वी नगरच्या माणसाला पुण्याचे येरवडा हाच मोठा आधार असे. आता लोणीला प्रवरा रुग्णालय आहे. रस्त्यावर सापडलेल्या निराधार मनोरुग्ण स्त्रियांना शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांच्या माउली सेवा प्रतिष्ठानात आश्रय मिळतो. ज्यांच्या घरी रुग्ण आहे अशा कुटुंबांसाठी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था आहे. तिचे संस्थापक जगन्नाथ वाणी हे कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि त्यांच्या स्वतःच्या घरी हा रोग आलेला होता. सरासरी म्हणजे काय हे ते इतरांस शिकवीत. पण घरातले माणूस सरासरी नसते, हे त्यांना निराळे शिकावे लागले असेल. २००४ सालच्या 'देवराई' या मराठी चित्रपटामागेही तेच उभे होते.

तो खेड्यातला मुलगा दुसऱ्यांदा दवाखान्यात येतो तेव्हा आईने फोटोची मोठी पिशवी बरोबर आणलेली असते. ती टेबलावर ठेवून ती म्हणते, "डॉक्टरसाहेब, हे आधी बघा." डॉक्टर पिशवी बाजूला ठेवतात, मुलाला समोर बसवितात आणि काल रात्री झोप लागली का, असे त्याला विचारतात.